आगबोटीची घंटा

ती पितळी घंटा आजही आठवते. पन्नासच्या दशकात मी अंधेरीला फौजदार होतो. पश्चिमेच्या कोळीवाड्याचे पाटील फिर्याद घेऊन आले, की देवळापुढची घंटा चोरीला गेली.

घंटा होती एकोणिसाव्या शतकातल्या एका उतारूंच्या आगबोटीची. ती आगबोट तुफानात फुटली, तेव्हा या कोळ्यांच्या पणजोबांनी होड्या घालून जिवंत, मेलेली सगळी माणसं किनाऱ्याला आणली. पुढे घंटा जाळ्यात आली. बोटीचं इंग्रजी नाव तिच्यावर अजून वाचता येत होतं.

पितळ म्हटल्यावर मी घाटकोपरचा एक भंगारवाला उचलला. दोन दिवस दरडावलं. बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं. त्याची आजही लाज वाटते.

खबर मिळाली आमच्या पोलीस लाइनीत मासळी विकणाऱ्या बाईकडून. "सायब, कोलीवाड्यातली एक म्हातारी सुकट इकते, पन एका पाटीला हात लावू देत नाय."

पाटीत सुकटीखाली घंटा होती. पंचनामा झाला. ठाण्यात म्हातारीला विचारलं, "कशाला घेतलीस गं, आजी?"

ती म्हणाली, "घंटा वाजली का माजा पोर मेला. नाय वाजली तर अजून दर्यावर हाय."

तिच्या मुलाचा मचवा वादळात बेपत्ता होता. पाटलांनी रीत सांगितली. पुनवेपर्यंत वाट पाहायची. माणूस आला नाही, तर त्याच्या नावाने आगबोटीची घंटा वाजवायची, मग बायकोने बांगड्या फोडायच्या. त्या पुनवेच्या आदल्या दिवशीच घंटा गेली होती. हे मी आधी विचारायला हवं होतं.

पाटलांनी तक्रार नसल्याचं लिहून दिलं आणि घंटा मागितली. मी म्हणालो, "मुद्देमाल आहे, कोर्टाचा हुकूम येऊ द्या." हुकूम आला, तरी तो कागद मी टेबलाच्या खणात ठेवला. चुकीचं होतं, माहीत होतं. पण घंटा द्यायला मन धजेना!

महिन्याभराने म्हातारी स्वतःच ठाण्यात आली. "द्या सायब घंटा. सून रोज तीन मानसांचं रांधते, एकाचं दर्यात टाकते. कवर बघू?"

संध्याकाळी मी घंटा घेऊन गेलो. दोरी तिनेच धरली. पहिला टोल पडला तशी सुनेने बांगड्या फोडल्या. मी टोपी काढून उभा राहिलो.

चोरीचा माल धन्याला पोचला की तपास संपला, असं मी तोवर समजत होतो. नंतर पुष्कळ माल परत केला. देऊ नये असं वाटलं ते या एकाच वेळी.