तरंगणारा खडू

माझी मावशी बावीस वर्षं प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या कारखान्यात मिक्सरवर आहे. मी शेजारच्या मोल्डिंग मशीनवर. लोकांना वाटतं, प्लास्टिकची खुर्ची म्हणजे नुसतं प्लास्टिक. कसलं काय! तशा खुर्चीत बसलात तर पाय फाकतील तिचे. तिला ताठ उभं करते खडूची भुकटी. उन्हाने तडकू नये म्हणून त्यात चिमूटभर औषध, शिवाय रंगाचे दाणे. हे सगळं मावशीच्या हातचं.

त्याच मावशीला सोमवारपासून पॅकिंगला बसवायचं ठरलं, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका शाळेकडून चाळीस खुर्च्या परत आल्या होत्या, मागचे पाय तडकलेल्या. आमच्या जेमतेम तिशीतल्या सुपरवायझरने सगळं खापर मावशीच्या डोक्यावर फोडलं.

"मावशी, खडू जास्त पडतोय तुमच्या हातून. वय झालं. आता बसून काम करा."

मावशी मिक्सरकडे वळली. जेवणाच्या सुट्टीत मलाच राहवेना. "तू ऐकून कसं घेतलंस गं?"

"माझं माप चुकलेलं नाही," डब्याचं झाकण लावत ती म्हणाली. "मग काय चुकलंय ते आधी बघू दे की."

परत आलेल्या एका खुर्चीचा पाय तिने मोडला. तडकलेल्या जागी तिळाएवढा पांढरा खडा होता. भुकटीची गाठ. तिने दोन ग्लास पाणी भरलं आणि सुपरवायझरला बोलावलं. पिंपाच्या तळाशी उरलेली जुनी भुकटी एका ग्लासात टाकली. ती वर तरंगत राहिली. नव्या गोणीतली दुसऱ्या ग्लासात टाकली, तर ती सरळ तळाला गेली आणि पाणी दुधासारखं झालं.

"जुनीला आधीच मेणाचा हात दिलेला असायचा," मावशी म्हणाली. "तिचं पाण्याशी जमत नाही, प्लास्टिकशी जमतं. ही नवी कोरडी आहे. आपापसातच गोळा होऊन बसते, आणि तिथूनच पाय तडकतो. या गोण्या कोणी मागवल्या, साहेब?"

साहेबांनीच मागवल्या होत्या. खडू काय, सगळा सारखाच, असं वर आम्हाला ऐकवलंही होतं. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू!

"मग परत पाठवू?" त्याचा आवाज आता बराच खाली आला होता.

"कशाला?"

तिने कोरडी भुकटी मिक्सरमध्ये चांगली तापवली, मेणासारखे पांढरे पापुद्रे मुठीमुठीने सोडले आणि मिक्सर फिरवत ठेवला. मग चिमूटभर भुकटी पाण्यात टाकून पाहिली. तरंगली. तेव्हा कुठे तिने प्लास्टिकचे दाणे ओतले. त्या मालाच्या खुर्च्या मी स्वतः काढल्या. एरवी मी एवढी मन लावून काम करत नाही, खोटं कशाला बोलू.

शनिवारी सगळी पाळी गोळा झाली. मावशीने एक खुर्ची मधोमध ठेवली.

"चढा, साहेब."

तो चढला. खुर्ची हलली नाही.

"आता उड्या मारा."

त्याने इकडेतिकडे पाहिलं, पण सुटका नव्हती. एक, दोन, तीन. मी वाकून चारही पाय तपासले. साधा ओरखडाही नव्हता. पोरी टाळ्या पिटायला लागल्या. माझा तर ऊर भरून आला.

सुपरवायझर खाली उतरला, शर्ट नीट केला. "मावशी, सोमवारी मिक्सरवरच या."

मावशी ग्लास विसळत होती. "मी हलले कुठे होते?"