कोरडी छागल

मी गणित शिकवते. भूतबाधा, करणी, अंगात येणं असलं काही कुणी सांगू लागलं, की मी त्याला आधी नीट जेवलास का ते विचारते. या सदरातले अनुभवसुद्धा मी आजवर पेन्सिल हातात धरूनच वाचले आणि गफलत दिसेल तिथे खूण केली. त्यामुळे हे लिहिताना थोडा संकोच वाटतो आहे. पण माझ्या स्वतःच्या अनुभवात खूण कुठे करायची, ते मला पाच वर्षांत सापडलेलं नाही...

गोष्ट त्रेसष्टच्या मे महिन्यातली. मी तेव्हा अमरावतीला मुलींच्या शाळेत होते. यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती. ते जिनिंग फॅक्टरीत फिटर. फिटरच्या दारात इटालियन गाडी, हा गल्लीतला मोठाच विनोद होता. एका डॉक्टरांनी बंद पडली म्हणून टाकून दिलेली ती गाडी यांनी बैलजोडी लावून घरी ओढत आणली आणि वर्षभराचे रविवार खर्चून उभी केली. करड्या रंगाची, चार दारांची. पुढचं आणि मागचं दार कपाटाच्या दोन दारांसारखं समोरासमोर उघडायचं, मधे खांबच नाही. ती पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा मला वाटलं, आता मला बसवतील. तर हे एकटेच वलगावपर्यंत जाऊन आले. म्हणाले, "आधी तिले विचारून आलो."

त्यांची एक वही होती. तेल कधी बदललं, कुठला नट कितपत आवळायचा, सगळं त्यात. आणि पुढच्या बंपरला छागल. नव्या वाचकांसाठी सांगते — छागल म्हणजे जाड कॅनव्हासची पाण्याची पिशवी, वाऱ्यावर पाणी गार होतं. उन्हाळ्यात ती आदल्या रात्रीच बादलीत बुडवून ठेवावी लागते. कापड फुगलं तरच पाणी धरतं. कोरड्या छागलीत पाणी ओतलं तर दहा मिनिटांत सगळं रस्त्यावर. हे त्यात वाळ्याची जुडी टाकत. आणि एक नियम होता : छागलीतलं शेवटचं पाणी आपण प्यायचं नाही, ते गाडीचं. वऱ्हाडातल्या उन्हात इंजिनाचा पेट्रोल-पंप तापतो आणि गाडी बसते. त्यावर ओलं फडकं टाकलं की उठते.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात ते म्हणाले होते, "वीक खुशाल. पण जो तिले घाई करन, त्याले देऊ नको."

मला गाडी चालवता येत नव्हती. पण दोन वर्षं वही वाचून मी ती सांभाळली. दर रविवारी पाच मिनिटं इंजिन चालू, बॅटरीत पाणी, चाकांत हवा. मग माझी बदली पातूरला झाली. तिथे मला राहायला एक खोली, गाडी कुठे ठेवणार? माझे धाकटे दीर वाटच पाहत होते. त्यांना ती वलगाव-अमरावती सवारीसाठी हवी होती.

"वैनी, बारा मानसं आरामात बसते तिच्यात."

"भाऊजी, ती पाच माणसांची गाडी आहे."

"मंग काय झालं? दोन खेपांचं काम एका खेपेत."

आधीची तीन गिऱ्हाइकं मी परत पाठवली होती. तिघांनीही बसल्या बसल्या ॲक्सिलरेटर दाबून इंजिन किंचाळवलं होतं. चौथे आले अकोल्याचे गफूरभाई. घड्याळं दुरुस्त करायचे, दुकान स्वतःचं, आणि जुन्या यंत्रांचा भलता शौक. त्यांनी बॉनेट उघडलं, मान वाकवली आणि कितीतरी वेळ नुसते ऐकत राहिले. सोबत त्यांच्या बेगम रशीदाबी होत्या. त्या मला म्हणाल्या, "पाहा बाई, घरी मी बोलतो त याइले आयकू येत नाई. अन् इथं कसे कान देऊन राहिले! सवत आनून राहिले मायासाठी."

गफूरभाईंची एकच अट : भर उन्हात अकोल्यापर्यंत चालवून पाहायची. नीट पोचली तर त्यांची, नाही तर नाही. मलाही पातूरची खोली पाहायला जायचंच होतं. अकोल्याहून पुढे बस मिळाली असती. म्हणून मी सोबत निघाले.

त्या सकाळी दीर येऊन वाद घालून गेले. "नाई पटली त संध्याकाळी गाडी माया अंगनात पायजे," असं बजावून गेले. त्या तणतणीत मी छागल भिजत घालायची विसरले. निघताना शेडमधल्या खिळ्यावरची काढून तशीच बंपरला अडकवली, कारण तिच्याशिवाय गाडी मला उघडी-बोडकी वाटत होती. मे महिन्यात कोरडी छागल लावून निघणारी बाई वऱ्हाडात शोधून सापडायची नाही. आणि ती मी, पाण्याची वेगळी सोय न करता!

मूर्तिजापूरला चहा घेतला. उतरताना माझा हात छागलीला लागला. पापडासारखी कडक होती. तेव्हा तरी भरावी ना? पण भिजवल्याशिवाय ती पाणी धरणार नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. हॉटेलाच्या उघड्या पडवीत आम्ही तिघंही गाडीसमोरच बसलो होतो.

मूर्तिजापूर सोडून पाच-सहा मैल झाले असतील. बारा वाजत आले होते. दोन्ही बाजूंना नांगरलेली काळी रानं, सावलीला एक बाभूळ नाही. गाडी दोनदा अडखळली आणि बसली.

मी मनात म्हटलं, संपलं. आता गफूरभाई दोरी ओढल्यासारखं स्टार्टर ओढत बसतील, मग शिव्या देतील, आणि संध्याकाळी ही गाडी बारा माणसं घेऊन वलगावला निघेल.

गफूरभाईंनी स्टार्टरला हातच लावला नाही. हात मांडीवर ठेवून म्हणाले, "तापली. बसू द्या तिले जराशी."

"काहून, नमाज पडून राहिली काय ते?" रशीदाबी पदरानं वारा घेत म्हणाल्या.

"बाई, पंपावर ओलं फडकं पायजे. छागलीत पानी असन ना?"

मला खरं सांगायची लाज वाटली. तरी सांगितलं. "छागल कोरडी आहे, गफूरभाई. मी भरलीच नाही."

ते तरीही उतरून पुढे गेले. मग त्यांचा आवाज आला, "बाई, मजाक करता काय?"

मी जाऊन पाहिलं. छागल फुगलेली होती. बाहेरून ओलीगच्च, तळाशी थेंब धरून राहिलेले. आमच्या देखत एक थेंब खालच्या मातीत पडला. मी हात लावला — गार. रांजणाला आतून लावावा तसा गार.

गफूरभाईंनी बूच काढून पाणी आधी रशीदाबींना दिलं, मग मला. पाण्याला वाळ्याचा वास होता.

वाळा मी दोन वर्षांत विकत आणलेला नव्हता. मी ते पाणी प्याले आणि एकदम पंचावन्न सालच्या एका दुपारी होते. बडनेऱ्याच्या फाटकाशी आगगाडीची वाट पाहत, हे बॉनेटशी वाकलेले, पाठीवर सदरा चिकटलेला... एवढंच. मग मी तोंड पुसलं.

गफूरभाईंनी खांद्यावरचा पंचा भिजवून पंपावर टाकला. स्वतः दोन घोट प्याले. रशीदाबींनी आणखी मागितलं तेव्हा मात्र बूच घट्ट लावलं.

"राहू द्या तेवढं. बोरगाव येइपर्यंत गाडीले लागन."

ही गोष्ट त्यांना कुणी सांगितली नव्हती. वहीतही ती नाही, मी रात्री पुन्हा पानन् पान तपासलं.

पंधरा मिनिटांनी गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली आणि अकोल्यापर्यंत एकदाही कुरकुरली नाही. गफूरभाईंच्या दारात मी किल्ली दिली, रात्री त्यांच्याकडेच मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी, पातूरची बस पकडायच्या आधी, वहीही देऊन टाकली. तेव्हा ते हळूच म्हणाले, "बाई, सच सांगा. छागल तुमीच भरली ना?"

"नाही."

"मंग कोनं भरली?"

ते बिघडलेलं घड्याळ ऐकावं तसे माझ्याकडे कान देऊन उभे होते. मग म्हणाले, "ज्यानं भरली त्याले माया सलाम सांगजा. अन् सांगजा का मी घाई करनार नाई."

ते वाक्य मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. दवाखान्यात तेव्हा आम्ही दोघंच होतो.

मी सगळं तपासून पाहिलं आहे. मूर्तिजापूरच्या हॉटेलवाल्यालाही जाऊन विचारलं. त्यानं गाडीला हात लावला नव्हता. आणि समजा कुणी भरलीच असती, तरी ते कोरडं कापड पाच मैल पाणी धरूच शकत नाही. मी गफूरभाईंकडून छागल तेवढी मागून आणली आहे. पातूरच्या खोलीत एकदा ती कोरडीच भरून खुंटीला टांगली. अकरा मिनिटांत रिकामी झाली. घड्याळ लावून पाहिलं.

फरशी पुसताना मात्र वाळ्याचा वास शोधत बसले होते, हेही इथे लिहून टाकते. वास नव्हता.