पाठीवरचे आरसे

बापलेकींच्या नाचाची कल्पना ज्या मॅडमना सुचली, त्यांचं अजून लग्न झालेलं नाही. झालं असतं तर सुचली नसती.

मुलगी पाचवीत आहे. आम्ही अमरावतीत राहतो ते तिच्या शाळेसाठी. शेत नांदगाव खंडेश्वरकडे आहे, नवरा मोटरसायकलनं रोज जाऊन येऊन करतो आणि मी घराच्या पुढच्या खोलीत ब्लाउज शिवते. शाळेचं गॅदरिंग जानेवारीत असतं. जानेवारीत तूर काढायची असते, हरभऱ्याला पाणी द्यायचं असतं आणि माझ्याकडे लग्नसराईची कापडं येऊन पडलेली असतात. शाळेला याच्याशी काही देणंघेणं नसतं. मुलगी घरी येऊन म्हणाली, "सगळ्या मुलींनी आपापले बाबा आणायचे." जसं काही बाबा म्हणजे रंगपेटी.

"बाबाला वेळ नाही," मी म्हटलं.

नवरा जेवत होता. त्यानं हातातला घास ताटात ठेवला. "कोन म्हनते वेळ नाई? नाचाच्या कामाले मी कदी नाई म्हटलं?"

हे मात्र खरं. शाळेच्या पालकसभेला त्याला वेळ नसतो, गॅसच्या नंबरला नसतो, त्याच्या आईला डोळ्याच्या डॉक्टरकडे न्यायला नसतो. पण पंचक्रोशीत कुणाची वरात निघाली की नवरदेवाच्या घरचे आधी याला निरोप देतात. मग तूर थांबते, हरभरा थांबतो आणि मीही नवी साडी नेसून मंडपाच्या दारात थांबते.

वरातीत तो नाचतो ते बँडकडे तोंड करून. आमच्याकडे नाचणारे सगळे असेच नाचतात. बँड पुढे येत जातो, नाचणारा त्याच्याकडे पाहत मागे सरकत जातो, आणि अशी ती वरात मारुतीच्या देवळापासून मंडपापर्यंत पोचते. नवऱ्याचं तर यावर शास्त्रच आहे. "वाजवनाऱ्याच्या तोंडाकडं पाहून नाचलं त थो जीव लावून वाजवते. पाठ केली का थो ढिल्ला पडते." हे त्याला त्याच्या बापानं शिकवलं. वखर कसा धरायचा तेही बापानंच शिकवलं, पण ते इतकं पक्कं बसलं नाही.

वरातीत हे चालतं. शाळेच्या स्टेजवर बँड नसतो. मागच्या पडद्यापाशी दोन कोपऱ्यांत दोन स्पीकर असतात आणि लोक समोर बसतात.

पहिल्या सरावाला तो सरळ शेतातून आला. केसात तुरीचा भुसा. बाकीचे बाप इस्त्रीच्या शर्टात, एक बँकेतला, एक मेडिकलवाला, दोन मास्तर. गाणं सुरू झालं आणि सगळे बाप कवायतीसारखे डावा-उजवा करू लागले. आमचा माणूस गर्रकन वळला आणि स्पीकरकडे तोंड करून नाचू लागला.

"सर, इकडे बघा!" मॅडम खालून ओरडल्या.

"हो मॅडम." तो वळला. दोन ठेके बरा नाचला आणि पुन्हा स्पीकरकडे.

"सर, प्रेक्षक इकडे बसतात!"

"हो हो मॅडम."

नुसतं वळणंच नाही. नाचता नाचता तो मागे सरकत होता, म्हणजे स्टेजच्या पुढच्या कडेकडे, म्हणजे माझ्याकडे. मी पहिल्या रांगेत बसून त्याच्या टाचा जवळ येताना पाहत होते. शेवटी मॅडमनी गाणं बंद केलं तेव्हा तो कडेवर होता आणि घामानं निथळत, खूश होऊन विचारत होता, "जमलं ना?"

मॅडमनी मला बाजूला घेतलं. "ताई, रंगीत तालमीपर्यंत सरांचं झालं नाही तर मला ही जोडी काढावी लागेल. पाहुण्यांना पाठ दाखवलेली वरच्यांना चालणार नाही."

"आणि मुलगी?"

"ती स्वागतगीतात उभी राहील."

मुलगी माझ्या मागेच होती. रस्ताभर ती बोलली नाही. चिडली की ती बोलत नाही, हा गुण तिनं माझ्याकडून घेतलेला नाही. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाली, "मी स्वागतगीतात उभी नाही राहत. मला बाबासोबतच नाचायचं आहे. काढलं तर मी शाळेत जातच नाही त्या दिवशी." आणि आत जाऊन तिनं दिवाळीपासून पाठ केलेल्या स्टेप आरशासमोर एकटीनं केल्या. बापासाठी शेजारी जागा सोडून.

मग काय, मशीन बंद करून मी पुढच्या खोलीत नाचाचा वर्ग उघडला. कापडावर खुणा करायच्या खडूनं फरशीवर रेघ मारली. "या रेघेच्या पुढे यायचं नाही." फोन मशीनवर ठेवून गाणं लावलं. नवरा मशीनकडे तोंड करून नाचला, अगदी व्यवस्थित. मला वाटलं, झालं. दुसऱ्या दिवशी मॅडमना विचारलं, "स्पीकर समोर ठेवता येतील का?"

"पाहुण्यांच्या पायाशी?" मॅडम म्हणाल्या.

म्हणून फोन त्याच्या पाठीमागे कपाटावर ठेवला आणि सांगितलं की समोरच्या घड्याळाकडे पाहायचं. गाणं लागलं. घड्याळ राहिलं घड्याळाच्या जागी आणि नवरा कपाटाकडे तोंड करून नाचू लागला. मी त्याचे खांदे धरले. खांदे माझ्या हातात राहिले, मान फिरली.

"अहो, मान कावून फिरवता?"

"मी कुठी फिरवतो? थे फिरते."

सासूबाई पलंगावर बसून शेंगा सोलत होत्या. त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण एवढं त्यांना दिसत होतं. "अवं, कावून तरास देऊन राह्यली त्याले? त्याच्या बापाचंबी असंच होतं. भावाच्या वरातीत मांगं मांगं जाता जाता उकिरड्यात जाऊन बसला. बसल्या बसल्याबी हात हालवत होता."

"आई, हसण्यासारखं नाही ते. पोरीला काढून राहिले नाचातून."

"कोन काढते?" नवऱ्यानं पहिल्यांदा नाच थांबवून विचारलं. तीन वेळा सांगून झालं होतं, पण त्याच्या कानात ते आत्ता गेलं. त्यानं मुलीकडे पाहिलं. ती दाराला टेकून उभी होती, ओठ घट्ट मिटून. त्यानं बाह्या वर सारल्या. मग म्हणाला, "लाव परत."

परत लावलं. परत वळला. तो स्वतःवरच चिडला, कपाटावर थाप मारली, माझ्या बॉबिनचा डबा खाली पडला आणि साऱ्या खोलीत दोरे झाले. मी ते वेचत बसले. तेवढ्यात मुलगी दारातून आली आणि कपाटासमोर जाऊन उभी राहिली. "बाबा, फोनकडं पाहू नका. माझ्याकडं पाहा. मी जे करीन ते करा."

तो तिच्याकडे पाहून नाचला. तिनं हात वर केला की वर, तिनं गिरकी घेतली की गिरकी. एकही स्टेप चुकली नाही. मागे सरकू लागला की ती नुसतं "बाबा!" म्हणायची आणि तो रेघेच्या आत यायचा. त्याला बँडच पाहिजे होता, तो मिळाला. फक्त फोन कपाटावर, मुलगी कपाटासमोर आणि बाप तिच्याकडे तोंड करून, म्हणजे लोकांच्या वाट्याला त्याची पाठच. फिरून तिथंच आलो.

रंगीत तालमीला मॅडमनी ते पाहिलं आणि वही मिटली. "ताई, मी बोलले होते."

मला ग्राहकांशी भांडायची सवय आहे. मी म्हटलं, "मॅडम, बाकीच्या बापांकडे पाहा. स्टेप विसरू नये म्हणून सगळे तुमच्याकडे पाहून नाचून राहिले. लेकीकडे कोणीच पाहत नाही. हा नाच बापलेकींचा आहे की बाप आणि मॅडमचा?"

मॅडमचे कान लाल झाले. "पण पाठ, ताई..."

"समोर आम्ही बायकाच बसणार. आमचे नवरे तोंडावरून कसे दिसतात ते आम्हाला माहीत आहे. पाठीचं मी पाहते."

"एकच जोडी," मॅडम म्हणाल्या. "मधोमध ठेवते. आणि स्टेजवरून पडले तर जबाबदारी तुमची."

माझीच असते.

पाठीचं मी पाहते म्हणजे काय, ते घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं. साऱ्या बापांची जाकिटं माझ्याकडेच शिवायला आली होती, कारण पालकांमध्ये शिवणारी मी एकटी. जाकिटांवर पुढून आरसे. आरसे हातानं टाकावे लागतात, मशीन तिथं कामाचं नाही. सगळी जाकिटं तयार होऊन घड्या घालून ठेवली होती. त्यातलं नवऱ्याचं काढलं आणि एकेक आरसा उसवून पाठीवर लावायला घेतला. एका नवरीची आई समोर स्टुलावर बसून होती. तिच्या मुलीची हळद दोन दिवसांवर होती.

"ताई, माझ्या पोरीचा ब्लाउज सोडून हे काय शिवून राहिल्या?"

"नवऱ्याची पाठ," मी म्हटलं.

आरसे पाठीवर गेले. पुढे राहिली सुईची भोकं, मारकिणीच्या कापडाला कीड लागल्यासारखी.

गॅदरिंगच्या दिवशी मी पहिल्या रांगेत बसले. सगळ्यांनी फोन वर करून शूटिंग केलं. मी टाचांवर नजर ठेवून बसले. मधोमध आमचा माणूस आम्हाला पाठ करून नाचत होता, पाठीवरच्या आरशांमध्ये स्टेजचे दिवे हलत होते, आणि त्याच्या वर केलेल्या हाताखालून मुलीचं तोंड दिसत होतं. एकदा तो मागे आला. टाच कडेच्या बाहेर गेली. मी खुर्चीवरून उठलेच. "बाबा!" ती म्हणाली, पाय न थांबवता, आणि तो पुढे सरकला. टाळ्या झाल्या. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "काय नाचतात हो तुमचे मिस्टर! आणि जाकीट किती छान, कुठून आणलं?"

"घरचं आहे," मी म्हटलं.

मुलगी खाली आली. "आई, बाबा एकदाच मागं गेले," तिनं निकाल सांगावा तसं सांगितलं आणि बापाचा हात धरून आलुबोंड्याच्या रांगेत गेली. मला कोणी विचारलं नाही. तसाही मला आलुबोंडा नको होता.

इथं संपायला हरकत नव्हती. पण फेब्रुवारीत अकोल्याला माझ्या भाच्याचं लग्न लागलं. नवऱ्यानं मला न विचारता ते जाकीट पिशवीत घातलं आणि वरातीत चढवलं. बँडकडे तोंड, हात वर, मागे मागे. बँडवाले समोर, घोड्यावर नवरदेव समोर, माझ्या माहेरचे झाडून सगळे समोर, व्हिडिओवाला समोर. त्या सगळ्यांना दिसली सुईची भोकं. आरसे दिसले ते रिकाम्या रस्त्याला आणि पलीकडून येणाऱ्या एका ऑटोवाल्याला. त्यानं हॉर्न वाजवला.

जेवणाच्या पंगतीत नवरा माझ्याजवळ येऊन बसला. जाकिटाकडे बोट दाखवून म्हणाला, "अवं, थे आरसे मांगं कावून लावले तू? सारे लोक त समोर होते. काईच दिसलं नाई कोनाले."

मी हातातली पुरी ताटात ठेवली. मुलगी त्याच्या पलीकडे बसली होती. तिनं वाकून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "खरंच आई. समोर पाहिजे होते."

जाकीट अजून तसंच आहे. सोप्यात तुरीच्या पोत्यांवर पडलेलं. जाता येता तो विचारतो, लावते का समोर. पुढच्या महिन्यात बार्शीटाकळीला वरात आहे म्हणे.