एकशे बारा घरं

तिला सगळे सुईबाई म्हणत. नुसतं नाव घेतलं की रडणारी पोरं गप्प व्हायची आणि गप्प असलेली भोकाड पसरायची. एकतीस वर्षं ती एकाच आरोग्य केंद्रात नर्स होती. वस्तीतल्या तरुण आयांनी डांग्या खोकला पाहिलासुद्धा नव्हता, तो तिच्यामुळे. पण जो रोग झालाच नाही, त्याबद्दल कोण कुणाचे आभार मानतं? जगभरचे आकडे खाली आले की साहेबलोक सभेत टाळ्या घेतात. लसीचा डबा खांद्याला लावून जिने चढणारीचं नाव कुठेच येत नाही. तिची तक्रार नव्हती. तिला गर्व होता तो एवढाच, की माझ्या हातची लस कधी वाया जात नाही.

गर्वाचं घर खाली म्हणतात, ते उगाच नाही.

त्या वर्षी उन्हाळा कडक होता. लस उन्हाने मरते या धास्तीने तिने फ्रिजचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि तसंच राहू दिलं. आतला थर्मामीटर फुटलेला. नवा तीनदा मागितला, आला नाही. लस गोठली तरी मरते, हे ती नव्या मुलींना घोकून घ्यायला लावायची. स्वतः मात्र विसरली.

हिवाळ्यात एक आई सात महिन्यांच्या मुलाला घेऊन आली. पोर खोकून खोकून निळं पडत होतं.

"डांग्या खोकला तर नाही ना, सिस्टर?"

सुईबाईने कार्ड पाहिलं. "तीन डोस झालेत गं, माझ्याच हातचे. होणारच नाही. साधा खोकला आहे." औषध देऊन तिने दोघांना घरी पाठवलं. चौथ्या दिवशी बाळ गेलं, डांग्या खोकल्यानेच.

तिने लसीची एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवली. मग ती आणि फ्रिजमधली रोजची, दोन्ही हलवून टेबलावर शेजारी ठेवल्या. चांगली लस बराच वेळ गढूळ राहते. इथे दोन्हींचा गाळ बरोबरीने तळाला बसला. म्हणजे फ्रिजमधली रोजची लसही गोठून मेलेली होती.

"बोभाटा करू नका," तिचं ऐकून केंद्राचे डॉक्टरसाहेब म्हणाले. "जादा डोस आलाय म्हणून सांगा आणि टोचून टाका. खरं कळलं तर लोक लसच घेणार नाहीत."

"आणि पुढचं पोर खोकत आलं की पुन्हा कार्ड बघून घरी पाठवू?"

तिने रजिस्टर काढलं. त्यातून उन्हाळ्यापासून त्या फ्रिजमधली लस टोचलेली एकशे बारा मुलं निघाली. दुसऱ्या केंद्रातून लस आणून, नव्या नर्सला सोबत घेऊन सुईबाई दारोदार फिरली आणि प्रत्येक दारात खरं तेच बोलली. कुणी शिव्या दिल्या, कुणी तोंडावर दार लावलं. सोळा घरांनी सुई घेतलीच नाही. साहेब अगदीच चूक नव्हते, आणि तेच तिला जास्त सलत होतं.

त्या बाळाच्या घरी ती सगळ्यात शेवटी गेली. आधी धीरच झाला नव्हता.

"म्हणजे त्याला टोचलं ते पाणी होतं?" आईने विचारलं.

"पाण्यासारखंच. चूक माझी. आणि साधा खोकला म्हणाले, तीही माझीच. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात पाठवलं असतं, तर कदाचित वाचला असता."

नव्या नर्सने तिची बाही ओढली. हे शेवटचं बोलायची काही गरज नव्हती; कुणाला कधी कळलंही नसतं.

आई भांडली नाही, रडली नाही. आत जाऊन दोन वर्षांच्या थोरलीला घेऊन आली. तिचा बूस्टर त्याच फ्रिजमधला होता.

"हिला टोचा," ती नव्या नर्सला म्हणाली. मग सुईबाईकडे न बघता, "तुम्ही हात लावू नका. बाहेर थांबा."

सुईबाई जिन्यात जाऊन उभी राहिली. आतून पोरीचं रडणं ऐकू आलं तेव्हा तिला जरा बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.