बारीक भोकाची चकती

मुलांनो, आजोबा व्हिडिओ कॉलवर तुमच्याकडे न बघता भिंतीशी बोलल्यासारखे का बोलतात, असं तुम्ही विचारलंत. तुमचे आईवडील तो विषय टाळतात. मी क्रमाने सांगते.

कन्नडजवळच्या आपल्या शेतावर ठासणीची रायफल होती, आजोबांच्या वडिलांची, परवान्याची. दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून ठासायची, म्हणून ठासणीची. दसऱ्याला तिची पूजा व्हायची आणि मग घरातला थोरला बांधावर टांगलेला कोहळा फोडायचा. नेम चुकला की बंदूक धाकट्याच्या हाती द्यायची, ही घरची रीत. तुम्ही ज्या दसऱ्याचा व्हिडिओ पाहिलात, त्याच्या आधीच्या दसऱ्याला आजोबांची गोळी कोहळ्याला जेमतेम घासून गेली होती.

"डोळा दाखवा," मी म्हणाले. दाखवला. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, दोन्ही डोळ्यांचा; त्यात नजर आधी कडेने जाते. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली वाचवायची, म्हणून थेंब रोज आणि उजव्या डोळ्याचं ऑपरेशन लवकर.

आजोबांना ते पटलं नाही. त्यांच्या मते दोष बंदुकीचा होता. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा बारीक उंचवटा, नीट दिसली की डोळ्याजवळची खाच पुसट, खाच दिसली की माशी पुसट. वाळूजच्या कारखान्यात, टूलरूममध्ये त्यांची सगळी नोकरी झाली होती. त्यांनी खाच काढून पीप साइट बसवायची ठरवली. पीप साइट म्हणजे डोळ्याजवळ उभी केलेली बारीक भोकाची चकती. त्या भोकातून नुसतं माशीकडे बघायचं.

पितळेच्या तीन चकत्या त्यांनी स्वतः लेथवर काढल्या. सर्वांत बारीक भोकातून माशी रेखीव दिसे, पण उजेड कमी पडे. मोठ्यातून उजेड भरपूर, पण नेम हले. त्यांनी मधली घेतली. वडिलांच्या बंदुकीला नवं भोक पाडायचं नव्हतं, म्हणून घोड्यामागच्या पट्टीचा मूळचा स्क्रू काढून तिथेच लांब स्क्रूने चकतीचा स्टँड कसला. गोळ्या खाली लागत होत्या, तेव्हा चकती थोडी थोडी वर घेतली. त्या दिवसांत ते शीळ घालत असत.

"अगं, ये बघ. माशी दिसते, बांध दिसतो, सगळं लख्ख! काचबिंदू असता तर दिसलं असतं का?"

"अहो, भोकातून बघताय तुम्ही. भोकाबाहेरचं काय?"

"भोकाबाहेर बघायचंच कशाला?"

ऑपरेशनची तारीख त्यांनी पुढे ढकलली. दसऱ्यानंतर बघू म्हणाले. थेंबांची बाटली मी समोर ठेवायची आणि ते ती बाजूला सारायचे. मी डॉक्टरांना फोन लावला, तुमच्या बाबांना सांगितलं. सगळ्यांना त्यांचं एकच उत्तर होतं, "मला दिसतंय."

दसऱ्याला शेतावर धाकटे भाऊजी खुर्ची टाकून बसले होते. "दादा, कोहळा दोरीनं बांधलाय. पळणार नाय, निवांत मारा."

"तू तुझं तोंड बांध," आजोबा म्हणाले, आणि त्यांनी चाप ओढला.

कोहळा मधोमध फुटला. तुम्ही तो व्हिडिओ पाहिलात, टाळ्या वाजवल्यात. व्हिडिओत नाही ते असं. आजोबा वळले आणि शेजारी उभ्या असलेल्या मोटारसायकलवर आदळले. गुडघा फुटला. भाऊजी हसून म्हणाले, "दादाचं आज जमिनीवर ध्यान नाय!" सगळे हसले, आजोबाही. मी गाडीकडे बघत राहिले. लालभडक होती ती, आणि त्यांच्यापासून हातभर लांब.

त्यानंतर तर कुणाचंच चालेना. कोहळा फुटला होता, आणखी काय पुरावा हवा? जिन्याची पायरी चुकली, तर दिवा मंद होता. वाढलेल्या ताटातली वाटी सांडली, तर मी ती भलत्या जागी ठेवली होती. शेवटी एका सकाळी, "आज पडदे का उघडले नाहीत?" असं त्यांनी विचारलं. पडदे उघडेच होते. मी रिक्षा बोलावली आणि ते बसले.

दवाखान्यात कडेचं किती दिसतं ते तपासणाऱ्या मशीनच्या पांढऱ्या वाडग्यात हनुवटी टेकवून बसायचं असतं. समोरच्या ठिपक्यावर नजर ठेवायची आणि आजूबाजूला कुठेही उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी मागे स्टुलावर बसले होते. आजोबांचा अंगठा बटणावर तयार होता, चापावर बोट असायचं तसा. आत उजेड चमकत होते. अंगठा एकदाच हलला आणि मग बराच वेळ हललाच नाही.

"ताई, सुरू करा की आता," ते म्हणाले.

मशीन चालवणाऱ्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. "झालं आजोबा," ती म्हणाली, "संपलं."