नऊ जणी, आठ जागा

टेनिस मी चौतिसाव्या वर्षी खेळायला लागले. त्याआधी खेळाशी माझा संबंध म्हणजे शाळेत लंगडीत सगळ्यांच्या आधी बाद होणं, एवढाच. हिंगोली जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली होती. नव्या कचेऱ्या आल्या होत्या आणि त्यांतल्याच एकीत मी परभणीहून बदलून आले होते. कचेऱ्यांबरोबर साहेब आले, साहेबांना संध्याकाळी करमेना, म्हणून जुन्या क्लबामागचं मोडकं टेनिस कोर्ट कुणीतरी साफ करून घेतलं. बाभळी तोडल्या, मुरूम टाकला, रोलर फिरवला, फक्कीनं रेघा मारल्या. रविवारची सकाळ बायकांना मिळाली, कारण रविवारी साहेब लोक उशिरा उठत.

मी गेले ती वजन कमी करायला. नांदेडहून रॅकेट आणली, पांढरे बूट आणले. वर्षभरात वजन होतं तेवढंच राहिलं, पण टेनिसबद्दलची माझी मतं फार वाढली. त्याला कारण घरातली केबल. माझे मिस्टर कनेरगाव नाक्याच्या शाळेवर शिक्षक होते, ते सकाळी जात आणि संध्याकाळी येत. पुसेगावहून आमच्याकडं राहायला आलेल्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, दिवसभर एकट्या कंटाळत. सुट्टीच्या दिवशी मी टेनिस लावून बसले की त्याही तूर निवडत शेजारी बसत.

वर्षाच्या शेवटी बायकांची एक मोठी स्पर्धा होते, ती आम्ही दोघी पहिल्यांदा बघत होतो. आत्याबाईंनी विचारलं, "ह्या आठच पोरी काहून?"

"सगळ्यांना नाही घेत आत्याबाई. वर्षभर जगात जिथं जिथं स्पर्धा होतात, तिथं जिंकलं की गुण मिळतात. मोठ्या स्पर्धेला जास्त, छोटीला कमी. वर्ष संपताना ज्या आठ जणींचे गुण सगळ्यांत जास्त, त्याच इथं येतात."

"मागल्या साली जिंकली तिला तर घेत असतील."

"तिलाही नाही. तिनं परत गुण मिळवायचे."

"अन् वशिला?"

"तो तर मुळीच नाही."

आत्याबाईंनी जरा विचार केला. "मग बराबर हाये," त्या म्हणाल्या आणि तुरीकडं वळल्या.

मला ही पद्धत इतकी आवडली की पुढच्याच रविवारी मी ती हिंगोलीत लागू केली.

आम्ही कोर्टावर नऊ बायका होतो. त्यांतल्या तिघींबद्दल सांगायला हवं. एक डॉक्टरबाई, पन्नाशीच्या, बाळंतपणं करून करून हात तयार झालेल्या. त्यांचा चेंडू कधी जोरात येत नसे, पण कधी बाहेरही जात नसे. दुसरी सेनगावच्या पलीकडच्या एका तांड्यावरची, शाळेत खेळ शिकवणारी. ती जीपला लोंबकळत यायची, सलवार-कुडत्यावर कॅनव्हासचे बूट घालून खेळायची, आणि तिनं मारलेला चेंडू मला दिसायच्या आधी मागच्या भिंतीवर आपटलेला ऐकू यायचा. आम्ही तिला गुरुजी म्हणायचो. तिसरी बांधकाम खात्यातल्या ओव्हरसियरची बायको. साडी खोचून, हातात डझनभर बांगड्या घालून खेळायची आणि चेंडू चुकला की तोंडाला पदर लावून हसायची. तिला सगळ्या ओव्हरसियरवहिनी म्हणत. बाकीच्या पाच जणी, कुणी बँकेतल्या, कुणी कॉलेजातल्या, माझ्यासारख्याच होत्या. म्हणजे असं मी आज म्हणते. तेव्हा माझं मत वेगळं होतं.

मी सगळ्यांना कोर्टाच्या कडेला बसवून पद्धत समजावून सांगितली. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी एक छोटी स्पर्धा. शिवाय चार मोठ्या, संक्रांतीला, पाडव्याला, पंधरा ऑगस्टला आणि दसऱ्याला. पुढं जाल तसे गुण, मोठ्या स्पर्धेत ते बरेच जास्त. पहिल्याच फेरीत हरली तरी आली म्हणून तिला एक गुण. दिवाळीनंतर पहिल्या आठ जणींची शेवटची स्पर्धा. चार-चारचे दोन गट, गटात प्रत्येकीशी प्रत्येकीचा सामना, प्रत्येक गटातल्या दोघी पुढं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण आपण नऊ आहोत. एका बाईसाठी कशाला एवढं? तिलाही घेऊन टाका."

"तसं नाही चालत, डॉक्टरबाई," मी म्हणाले. "सगळ्यांनाच घेतलं तर मग पात्रता कशाची? कुणीतरी बाहेर राहिलंच पाहिजे. त्याशिवाय स्पर्धेला वजन येत नाही."

हे बोलताना मी ओव्हरसियरवहिनींकडं जरा दयेनं पाहिलं. त्या हसल्या. मला वाटलं, बिचारीला कळलंही नसेल.

मग वर्ष सुरू झालं. केबलवर मी पाहिलं होतं की मोठ्या खेळाडू छोट्या स्पर्धा सोडून देतात, शरीर जपतात आणि मोठ्या स्पर्धेला ताज्यातवान्या उतरतात. मीही तेच धोरण ठेवलं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी घरी झोपून शरीर जपू लागले. मिस्टरांनी एकदा विचारलंही, "आज खेळायला नाही गेलीस?" मी म्हणाले, "आजची छोटी आहे. माझं लक्ष पाडव्यावर आहे." त्या दिवशी पोहे त्यांनी स्वतःच केले.

संक्रांतीला मी पहिल्याच फेरीत डॉक्टरबाईंकडून हरले. पाडव्याला बँकेतल्या मॅडमकडून. पंधरा ऑगस्टला कोर्टावर चिखल होता, दोघी-तिघी घसरल्या, आणि तेवढ्या घसरगुंडीत मी एक सामना जिंकले. त्याची हकिगत मी आठवडाभर कचेरीत सांगत होते. दसऱ्याला पुन्हा पहिल्याच फेरीत, आणि तेही उन्हानं डोळे दिपले म्हणून. सूर्य तर माझ्या पाठीमागं होता, हे नंतर कुणीतरी दाखवून दिलं.

ह्या सगळ्या काळात ओव्हरसियरवहिनी एकही रविवार चुकल्या नाहीत. पोळ्याच्या आदल्या दिवशी तिघीच जणी आल्या, त्यांत त्या होत्या. घरी पाहुणे असले तर कुकर लावून यायच्या. बहुतेकदा पहिल्या फेरीत हरायच्या, पदर तोंडाला लावून हसायच्या आणि आल्याचा एक गुण घेऊन जायच्या. कधी समोरची आजारी असली की दोन. थेंबे थेंबे तळे साचतं हे मी शाळेत फळ्यावर लिहिलेलं आहे, पण ते माझ्याविरुद्ध साचत असेल असं कधी वाटलं नाही.

दसऱ्यानंतर मी गुणांची बेरीज केली. परत केली. मग कॉलेजातल्या गणिताच्या बाईंकडून करून घेतली. मी नववी होते. ओव्हरसियरवहिनी आठव्या, माझ्यापेक्षा दोन गुणांनी पुढं.

अशा वेळी परदेशातल्या खेळाडू काय करतात तेही मला ठाऊक होतं. शेवटच्या आठवड्यांत त्या कुठल्या कुठल्या आडगावच्या स्पर्धेला धावतात आणि राहिलेले गुण गोळा करतात. आमच्याकडं आडगावी स्पर्धा नव्हती, म्हणून मी हिंगोलीतच एक जादा स्पर्धा ठेवली. कारण सांगितलं, सगळ्यांचा सराव व्हावा. कोणी हरकत घेतली नाही. चिठ्ठ्या टाकल्या आणि माझ्या नावासमोर गुरुजी आली.

दोन गेम झाल्यावर ती जाळीजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, जरा सावकाश मारू का?"

"नको," मी म्हणाले. "बराबर मार."

तिनं बराबर मारलं. आल्याचा एक गुण मला मिळाला. ओव्हरसियरवहिनींनाही मिळाला.

घरी आत्याबाई वाटच बघून राहिल्या होत्या. "आलीस का आठात?"

"नाही."

"मग कितवी?"

"नववी."

"अन् हाएत किती जणी?"

मी बूट सोडत राहिले. आत्याबाईंनी बोटं मोजून हिशोब लावला आणि त्यांच्या ध्यानात आलं. "म्हंजी तू एकलीच ऱ्हायलीस व्हय? हा नियम केला कोनी?"

"मीच."

"मग मोड की. आपलाच तर हाये."

"मोडता येत नाही, आत्याबाई. वशिला नाही चालत, हे मीच तुम्हाला सांगितलं होतं."

त्यांनी तुरीचं ताट पुढ्यात ओढलं. मग म्हणाल्या, "लोकाईला चालत न्हाई म्हनलं होतं तू. आपल्याला न्हाई, असं कवा म्हनलं?"

कोर्टावर बायकांनीही तीच गोष्ट काढली. नऊ जणी खेळू, काय बिघडतं, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. मी मान ताठ करून नकार दिला. नियम म्हणजे नियम. मला वाटलं होतं, त्या निदान तीनदा तरी आग्रह करतील. त्या एकदाच म्हणाल्या आणि लगेच जेवणाचा विषय निघाला, कुणी भाकरी आणायच्या आणि कुणी ठेचा.

तेव्हा मला घाईनं नियमातला उरलेला भाग सांगावा लागला. "नवव्या खेळाडूलाही जागा असते. राखीव. कुणी मधेच माघार घेतली तर तिच्या जागी ती उतरते. त्यामुळं तिनं पूर्ण तयारीनं हजर राहायचं असतं."

त्या रविवारी मी पूर्ण तयारीनं हजर राहिले. सगळ्यांच्या आधी गेले, कोर्टाला चार फेऱ्या मारल्या, हातपाय मोकळे केले आणि बाकावर बसले. बसून दुसरं काय करणार, सगळ्यांच्या घोट्यांकडं बघत होते. कुणाचा तरी मुरगळावा असं मी मनात आणलं नाही, पण कुणी जरा लंगडली की माझा हात आपोआप रॅकेटकडं जाई. एरवी मला पंचाचं काम होतं, पाणी भरायचं काम होतं, आणि जाळी मधे खाली आली की वर ओढायचं काम होतं. दिवस संपावा म्हणून चार गेम आधी जिंकेल ती विजयी, असं ठरवलं होतं.

पहिल्या गटात डॉक्टरबाई, गुरुजी, ओव्हरसियरवहिनी आणि बँकेतल्या मॅडम होत्या. डॉक्टरबाईंनी बँकेतल्या मॅडमना हरवलं. घाम पुसत बसल्या तोच दवाखान्यातून फोन आला. एक बाई अडली होती. डॉक्टरबाईंनी रॅकेट माझ्या हातात दिली, "आता तुम्ही," म्हणाल्या आणि स्कूटरला किक मारून गेल्या.

दुसऱ्या गटाचे दोन सामने झाले आणि मी कोर्टावर उतरले. समोर ओव्हरसियरवहिनी होत्या. वर्षभर ज्या बाईची मी कीव केली, तिच्याशी सामन्यात माझी गाठ पहिल्यांदाच पडत होती, कारण तिच्या रविवारी मी झोपलेली असायची. मी चेंडू जोरात मारायची, तो बाहेर जायचा. वहिनी नुसती रॅकेट आडवी धरायच्या, चेंडू जाळीवरून टुपकन माझ्याकडं यायचा. बांगड्या वाजायच्या, चेंडू यायचा. मी पुढं पळाले की तो मागं पडायचा. चार गेम त्यांचे झाले तेव्हा माझा एक झाला होता.

"तकलीफ मानून घेऊ नका मॅडम," त्या म्हणाल्या. "तुमी लई टायमानं खेळून राहिल्या ना."

मी बाकावर येते न येते तोच डॉक्टरबाईंची स्कूटर परत आली. बाळंतपण लवकर उरकलं होतं, मुलगी झाली होती, दोघी सुखरूप. डॉक्टरबाई रॅकेट मागायला हात पुढं करून उभ्या होत्या. बाकीच्या सगळ्या माझ्याकडं बघू लागल्या, कारण नियम मलाच माहीत.

खरं सांगायचं तर मला नक्की माहीत नव्हतं. मधेच बाळंतपण करून परत आलेली खेळाडू केबलवर कधी दाखवली नव्हती. पण माझ्या तोंडून फार ठामपणे निघालं, "एकदा माघार घेतली की परत येता येत नाही. पुढचे सामने राखीव खेळाडूनंच खेळायचे."

डॉक्टरबाई खाली वाकून बुटाची नाडी बांधत होत्या, त्या हसत आहेत हे त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "मलाही जरा बसायचंच आहे. पुढचा कुणाशी आहे?"

पुढचा गुरुजीशी होता.

ह्या वेळी तिनं सावकाश मारू का, असं विचारलं नाही. पहिल्या गेममध्ये मी चेंडूला हात लावला, दुसऱ्यात तेवढाही नाही. तिसऱ्यात मी मागं पळत असताना पोटरीत असा गोळा आला की मी कोर्टाच्या कोपऱ्यात बसकणच मारली. सगळ्यांच्या आधी डॉक्टरबाई आल्या. मांडी घालून बसल्या, माझा पाय मांडीवर घेतला आणि पोटरी चोळू लागल्या.

"माघार घेता का?" त्यांनी विचारलं. "का आणखी कुणी राखीव आहे?"

"नाही," मी म्हणाले. "मीच शेवटची."

लंगडत उठून मी उरलेला सामना पूर्ण केला. एक गेमही मिळाला नाही. मग आम्ही भाकरी, ठेचा आणि तुरीच्या ओल्या शेंगांचं कालवण खाल्लं. दुपारी गुरुजी अंतिम सामना जिंकली, ह्याचं कुणालाच नवल वाटलं नाही. तिला बक्षीस म्हणून स्टीलची कळशी दिली. कळशी काखेत मारून ती सेनगावच्या जीपमध्ये बसली. ओव्हरसियरवहिनी उपांत्य फेरीपर्यंत गेल्या होत्या. त्यांचे मिस्टर पेढे घेऊन आले आणि पहिला पेढा वहिनींनी माझ्यापुढं धरला.

पुढच्या वर्षी मी छोट्या स्पर्धा सोडायचं सोडून दिलं. दर रविवारी गेले. खेळ काही सुधारला नाही, पण आल्याचे गुण साठत गेले. तरीही मी नववीच राहणार असं दिसत होतं, तोच पावसाळ्यात ओव्हरसियरसाहेबांची जालन्याला बदली झाली. वहिनी निरोप घ्यायला कोर्टावर आल्या, प्रत्येकीच्या गळ्यात पडल्या, आणि मला मनापासून वाईट वाटलं. घरी येईपर्यंत लक्षात आलं की आता आम्ही आठच उरलो.

रात्री जेवताना मी सांगितलं, "आत्याबाई, मी शेवटच्या स्पर्धेला पात्र ठरले."

त्यांनी मिस्टरांना ताटावरून उठवलं आणि पुसेगावला फोन लावायला सांगितलं. पलीकडं मोठे दीर होते. आत्याबाई त्यांना ओरडून सांगत होत्या, कारण फोनवर ओरडूनच बोलायचं असतं असं त्यांना वाटे, "धाकली सून आठात आली बरं का. न्हाई न्हाई, वशिला न्हाई. गुनावर."

मिस्टर माझ्याकडं बघत होते. मी आमटी वाढून घेतली.