बटणखान्यातला दुसरा आवाज

आमच्या बटणखान्यात कामाच्या वेळी मान वर करायची सोय नाही. भारी कोटाची बटणं हातानेच लावावी लागतात. यंत्राने लावलेलं बटण पहिल्याच ओढीला निघून येतं, मग कोट परत आणि बोलणी आपल्याला. त्यामुळे नजर सुईवर खिळलेली, कान मात्र मोकळे. त्या मोकळ्या कानांसाठी रेडिओमावशी होती.

तिचं काम बातम्या वाचण्याचं. हे काम तिला मालकाने दिलेलं नव्हतं, आम्ही दिलं होतं. सुई धरून धरून तिच्या बोटांची पेरं सुजली, वाकडी झाली. सुई धरली की निसटायची. मुकादम तिला घरी बसवायच्या बेतात होता. तेव्हा थोरलीने, म्हणजे आमच्यातल्या सगळ्यात जुन्या बाईने, आपल्या ढिगातला एक तयार कोट उचलून मावशीच्या ढिगावर टाकला. मग काजं शिवणाऱ्या काजवालीने टाकला, मग मी. मुकादम ढीग मोजतो, हात मोजत नाही. तेव्हापासून हीच रीत पडली. प्रत्येकीचा रोज एक कोट तिच्या ढिगावर, आणि तिने खुर्चीत बसून बोलायचं. ह्याला कोणी दया म्हणालं तर मी त्याच्या अंगावर धावून जाईन. ती मजुरी होती. दिवसभर खोलीभर बायकांना जागं ठेवणं हे काम नव्हे असं ज्याला वाटतं, त्याने एक दिवस आमच्या बाकावर बसून दाखवावं.

वाचायलाही ती ह्याच खोलीत शिकली. कोटाचे खांदे बसू नयेत म्हणून आत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे भरतात. ती ते उलगडून अक्षरं लावत बसायची. त्यामुळे कितीतरी वर्षं जगातली प्रत्येक बातमी तिला चुरगळलेली आणि शिळीच मिळाली. पुढे हातात फोन आला, बातम्या ताज्या झाल्या, पण तऱ्हा तीच राहिली: कोणीतरी बोळा करून तोंडावर फेकलाय आणि ही तो परत फेकतेय.

"ऐका गं. ऑक्टोपसला आठ हात आणि तीन हृदयं असतात." मग ती घसा खाकरायची. लोकरीचं तूस घशात बसून तिला ती खोडच लागली होती. "हं. हे मुकादमाला सांगू नका. उद्याच जाहिरात देईल."

किंवा, "लांब कुठे एक ग्रह सापडलाय. तिथलं वर्ष आपल्या एका दिवसापेक्षा लहान. हं. म्हणजे तिथला मालक रोज सकाळी म्हणत असेल, पगारवाढीचं पुढच्या वर्षी बघू."

आत काय संपलंय ते सांगणारा फ्रीज निघाला तेव्हा म्हणाली, "आमच्याकडे सासू होती. भांड्याला हात लावायच्या आत तिला कळायचं." एका नटीने तिसरं लग्न केलं तर, "बाईला आशा सोडवत नाही. मला पहिल्यातच कळलं होतं." आणि प्रत्येक टोल्यानंतर, आमचं हसणं विरायच्या आत, "चला, पुढची बातमी."

एकदा तिने वाचलं, की कोणा मेलेल्या गायकाला दिव्यांच्या झोतात उभं करून त्याचा कार्यक्रम ठेवलाय आणि तिकिटं संपली. आम्ही तिच्या टोल्याची वाट बघत होतो. "जिवंत होता तेव्हा खुर्च्या रिकाम्या असायच्या," म्हणाली, आणि पुढे काहीतरी म्हणायचं होतं ते म्हणाली नाही. त्या दिवशी कोणी हसलं नाही. माझ्या बोटात सुई गेली तेवढं आठवतं.

मग ती सकाळ आली.

मी आणि मावशी एकाच वस्तीतल्या. त्या दिवशी आमची बस वाटेत बंद पडली आणि उरलेलं अंतर आम्ही पायी आलो. बसमध्ये ती फोनवर बातम्या चाळत होती, वाटेत गप्प. ती गप्प असली की टोले जुळवत असते हे मला माहीत होतं, म्हणून मी मध्ये बोलले नाही. जिना चढताना ती माझ्या एक पायरी पुढे होती. अचानक थांबली. तिच्या पाठीवर मी जवळजवळ आदळलेच.

वरून तिचाच आवाज येत होता.

"रात्री तुमची झोप नीट झाली का, ते सांगणारं घड्याळ आलंय बाजारात." मग घसा खाकरला. "हं. माझी झोप झाली का ते घड्याळाने मला सांगायचं. मग झोपलं कोण गं, मी का घड्याळ?"

आत बायका खदखदून हसल्या. "चला, पुढची बातमी," आवाज म्हणाला.

मावशीने कठडा धरला होता. तिचे ओठ मिटलेले होते. मी मुद्दाम बघितलं. असं कोणाच्या ओठांकडे बघायची पाळी माझ्यावर आयुष्यात आली नव्हती.

"जुनं काहीतरी लावलंय कोणीतरी," मी म्हणाले. "तुझं रेकॉर्ड केलेलं."

"जुनं नाही गं ताई," ती म्हणाली. "हे मी आत्ता बसमध्ये जुळवलं. मनातल्या मनात."

आम्ही दारात गेलो. सगळ्या बायका खाली मान घालून बटणं लावत होत्या. मावशीची खुर्ची रिकामी. खुर्चीसमोर कोणीतरी रोजच्यासारखा पाण्याचा पेला भरून ठेवलेला, आणि बाजूच्या ढिगावर रोजच्यासारखे एकेकीचे कोट पडायला लागलेले.

"आलीस का ताई?" थोरली मान वर न करता म्हणाली. "उशीर केलास बाई. मावशी केव्हाची सुरू झालीय."

मावशी माझ्या शेजारी उभी होती.

"अगं, वर बघा जरा," मी ओरडले.

एकेक मान वर झाली. आधी खुर्चीकडे, मग दाराकडे, मग पुन्हा खुर्चीकडे. काजवालीने हातातला कोट छातीशी धरला. आणि दारावर बसवलेल्या, पेटीएवढ्या काळ्या डब्यातून मावशी शांतपणे पुढची बातमी वाचत राहिली.

डबा मालकाच्या जावयाचा. त्याला आम्ही जावईबापू म्हणतो. तोही स्वतःला तसंच म्हणवून घेतो. मागच्या वर्षी त्याने छताला माइक लावले होते, आग लागली तर सूचना द्यायला म्हणून. सूचना द्यायला ऐकणारा माइक कशाला हवा, हा प्रश्न तेव्हा मला सुचला नाही. सुचला असता तर तिथेच तोडून काढले असते. तर ते माइक वर्षभर मावशीला ऐकत होते, आणि ऐकलेलं सगळं त्याने एका यंत्राला पाजलं होतं. आता यंत्राला रोजच्या बातम्या दिल्या की ते तिच्या आवाजात, तिच्यासारखे टोले देतं.

"मावशी, तुम्हाला आता आराम," जावईबापू हात चोळत म्हणाला. "घसा किती खराब झालाय तुमचा. ही डब्यातली मावशी, हिचा बिघडतच नाही."

"मग ती खाकरते कशाला?" काजवालीने विचारलं.

तो हसला. "तेवढं काढून बघितलं. मग मावशी वाटेना."

माझं डोकं तापलं. "आवाज तिचा," मी म्हणाले. "तुम्ही कोणाला विचारून घेतलात?"

"ताई, खोली मालकाची. खोलीतला आवाज खोलीतच आहे. आम्ही कुठे बाहेर नेला?" मग मुद्द्यावर आला. मालक गावाहून आला की डबा ऐकेल. त्याला पटला की ज्याचा ढीग त्याचा. इकडचा कोट तिकडे बंद. खुर्ची उचलायची.

म्हणजे मावशीही उचलायची.

दुसऱ्या दिवशी मावशीने डब्याशी टक्कर घ्यायची ठरवली. डब्याने बातमी सुरू केली की तीच बातमी ती मोठ्याने वाचायची. कपड्यांच्या घड्या घालणारा यंत्रमानव आला होता. दोन्ही आवाज बरोबर चालले, दोन्ही घसे खाकरले. डबा म्हणाला, "घडी घालतो खरा, पण कुठे ठेवलीस विचारलं तर 'तुझ्या डोळ्यांसमोर आहे' म्हणतो का?" आणि तेच शब्द मावशीच्या तोंडातून बाहेर पडत होते, श्वासभर उशिरा. विहिरीत ओरडावं आणि विहिरीने आधी उत्तर द्यावं तसं. बायका हसल्या. कोणाला हसलो ते त्यांना कळलं नाही.

त्यानंतर मावशीने बोलणं टाकलं. खुर्चीत बसून राहायची, मांडीवर वाकडी बोटं. कोट मात्र तिच्या ढिगावर पडत होते. एका संध्याकाळी तिची लेक माझ्याकडे आली. "ताई, आई घरीसुद्धा बोलत नाही हो. भाजी वाढ म्हणायचं तर ताट पुढे सरकवते." मी तशीच उठून गेले.

"मावशी, तोंड शिवून घेतलंस का?"

"बोलायला गेलं की वाटतं, मी तिची नक्कल करतेय," ती म्हणाली.

तिने 'त्याची' म्हटलं नाही. 'तिची' म्हणाली. मी घरी येताना चारदा मागे वळून बघितलं, का ते सांगता येणार नाही.

मालक आला. म्हातारा माणूस, काठी टेकत येतो, बोलतो कमी. त्याला मावशीच्याच शेजारी स्टूल दिलं. मी आदल्या दिवसापासून भाषण तयार ठेवलं होतं: मजुरी, हक्क, परवानगी, सगळं. जावईबापूने डबा सुरू केला. दोन टोले झाले. मालकाच्या मिशीत हसू आलं. माझं भाषण जिभेवरच वाळलं.

"कुठलीही बातमी द्या, बाबा," जावईबापू म्हणाला. "फोनमध्ये बोलायची फक्त. लगेच उत्तर. कोणाला द्यायचीय?"

मावशी उठली. इतक्या दिवसांनी तिचा आवाज फुटला तो खरखरीत, एखाद्या परक्या बाईचा वाटावा असा.

"मी देते."

तिने त्याच्या हातातला फोन घेतला, तोंडाजवळ नेला आणि बातमी वाचतात तशा सुरात म्हणाली, "बटणखान्यात बातम्या वाचणारी बाई आज सकाळी खुर्चीतच गेली."

थोरली पुटपुटली, "अगं अभद्र काय बोलतेस..."

डब्याने घसा खाकरला.

"हं. सकाळी गेली? ढीग अर्धा टाकून? बाईला आयुष्यभर वेळेचं भान नाही. जायचं तर संध्याकाळी जायचं, हात धुऊन."

आणि थोरली हसली. सवयीने, मान खाली, सुई हातात. हसल्यावर तिला कळलं आपण कशाला हसलो, आणि तिने तोंडावर हात दाबला. बाकी खोलीत एकही सुई हलत नव्हती. मावशी फोन धरून तशीच उभी. डब्याचं मात्र संपलं नव्हतं.

"खुर्ची लगेच उचलू नका गं," तो तिच्याच आवाजात म्हणाला. "बैठक अजून गरम असेल. चला, पुढची बातमी."

मालकाचा हात मावशीच्या खुर्चीच्या दांडीवर होता. त्याने तो चटका बसल्यासारखा काढला.

"बाबा, गंमत आहे हो," जावईबापू म्हणाला. "यंत्राला काय कळतंय, कोण गेलं..."

"ती समोर उभी आहे," मालक म्हणाला. "आणि ते तिला पोचवून पुढच्या बातमीला लागलं." काठीने त्याने दाराकडे दाखवलं. "उद्या माझीही बातमी येईल. काढ ते."

"पण बाबा, कामाचं..."

"काढ म्हणतो ना!"

थोरली उठली. आपल्या ढिगातला एक कोट तिने उचलला, मालकाच्या डोळ्यांदेखत मावशीच्या ढिगावर ठेवला आणि जागेवर जाऊन बसली. मग काजवाली उठली. मग मी. एकेक करत सगळ्या. मालकाने बघितलं. मुकादमाने मालकाकडे बघितलं. मालक काठी टेकत उठला आणि जाता जाता एवढंच म्हणाला, "ढीग पुरा झाला पाहिजे." रीत मंजूर झाली ती अशी, माझ्या भाषणावाचून. भाषण अजून माझ्याकडे आहे. कोणाला लागलं तर सांगा.

डबा त्याच दुपारी उतरला. दारावरच्या भिंतीत दोन भोकं राहिली. माइक मी स्वतः स्टुलावर चढून काढले आणि जावईबापूच्या हातात दिले. मावशी पुन्हा खुर्चीत बसली, पेल्यातलं पाणी प्यायली, फोन उघडला. पहिली बातमी तिने साधीच वाचली, टोल्याशिवाय. तिसऱ्या बातमीला खाकरली आणि आमचा जीव भांड्यात पडला.

त्या संध्याकाळी जिना उतरताना मी म्हणाले, "जिंकलीस गं मावशी. काय पण खोड मोडलीस त्या डब्याची! जिवंत माणसाबद्दल असं अभद्र..."

ती पायरीवर थांबली, त्या सकाळी थांबली होती तिथेच.

"अभद्र नव्हतं ते, ताई. चांगला टोला होता," ती म्हणाली. "बातमी मी रात्रीच जुळवली होती. टोलाही जुळवला होता, डबा हुकला तर आपण मारायचा म्हणून." तिने कठडा धरला. "शब्दाला शब्द तोच होता गं. ते खुर्चीचंसुद्धा."

आता सगळं पहिल्यासारखं आहे. ती वाचते, आम्ही बटणं लावतो, कोट तिच्या ढिगावर पडतात. फक्त खाकरल्यावर ती जरा थांबते, कोणी आधी बोलतंय का ते ऐकल्यासारखी. आणि कधीकधी ती अजून तोंड उघडत नाही तोच, खाली मान घातलेली आमच्यातली कोणीतरी हसते. मग आम्ही सगळ्या माना वर करतो, आणि मावशीकडे बघायच्या आधी दारावरच्या त्या दोन भोकांकडे बघतो.